पेप्सिनोजेन चाचणी: रक्त कधी घ्यायचं, आकडे कसे वाचायचे, दुर्बीण कोणाला

पेप्सिनोजेन चाचणी कर्करोग शोधत नाही. जठराचं आतलं अस्तर किती झिजलंय, एवढंच ती सांगते. झिजलेल्या अस्तरात कर्करोग उगवण्याची शक्यता जास्त असते, म्हणून तिची गणना लवकर निदानाच्या जैवसूचकांत, म्हणजे रक्तातून धोक्याची खूण देणाऱ्या मोजमापांत, होते. हा फरक डोक्यात पक्का नसेल तर पुढचं सगळं चुकत जातं. नको त्या माणसाची चाचणी होते, नको त्या दिवशी रक्त घेतलं जातं, आणि काळी शौच होणारा रुग्ण ‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ म्हणून घरी पाठवला जातो.

खाली जी पद्धत दिली आहे ती मूळची जपानची. पेप्सिनोजेन आणि हेलिकोबॅक्टर पायलोरी (एच. पायलोरी) या जठरातल्या जंतूच्या प्रतिपिंडांची चाचणी एकत्र वाचून माणसांचे ए, बी, सी, डी असे चार गट पाडायचे, आणि गटानुसार एंडोस्कोपीचं, म्हणजे जठरात दुर्बीण घालून पाहण्याचं, वेळापत्रक ठरवायचं. जपानमध्ये नोकरी करणाऱ्या मराठी मंडळींना वार्षिक आरोग्य तपासणीच्या पर्यायांत ही ‘एबीसी’ चाचणी दिसते. आपल्याकडे काही लॅब ती स्वतंत्रपणे किंवा पॅकेजमध्ये करतात.

आकडे येतात कुठून

पेप्सिनोजेन म्हणजे पेप्सिन या पाचकद्रव्याचं कच्चं रूप. त्याचे दोन प्रकार मोजतात. पहिला प्रकार जठराच्या मुख्य भागातल्या आणि वरच्या घुमटातल्या ग्रंथींतच तयार होतो. दुसरा प्रकार तिथे तर होतोच, शिवाय जठराच्या तोंडाजवळ, खालच्या टोकाला आणि लहान आतड्याच्या सुरुवातीलाही होतो. बहुतेक माल जठरात सांडतो, साधारण एक टक्का रक्तात झिरपतो. आपण मोजतो तो हा झिरपलेला भाग.

जंतुसंसर्गाने अस्तराला सूज आली की दोन्ही वाढतात, दुसरा जास्त वाढतो. संसर्ग वर्षानुवर्षं राहिला की मुख्य भागातल्या ग्रंथी मरतात. मग पहिल्याचा कारखानाच बंद पडतो. दुसऱ्याचे इतर कारखाने चालू असतात, म्हणून तो फारसा घटत नाही. त्यामुळे पहिला भागिले दुसरा हे गुणोत्तर खाली येतं. सूज, मग झीज, मग जठराच्या अस्तराचं आतड्यासारखं होणं, मग पेशींचा बिघाड, मग कर्करोग, असा हा क्रम पेलायो कोरिया यांनी मांडला. त्याला बहुधा दशकं लागतात. चाचणी उपयोगी पडते ती याच मोकळ्या वेळामुळे.

यातून एक मर्यादाही लगेच दिसते. जो कर्करोग या पायऱ्या न चढता येतो, विशेषतः पसरट (डिफ्यूज, म्हणजे पेशी विखुरत जाणाऱ्या) प्रकारचा, त्यात अस्तर झिजलेलं असेलच असं नाही. तिथे पेप्सिनोजेन अगदी छान येऊ शकतं आणि गाठ आत असू शकते.

कोणाची करायची, कोणाची नाही

चाचणी लक्षणं नसलेल्या माणसासाठी आहे. वजन घटतंय, घास अडकतोय, वारंवार उलट्या होतायत, शौच डांबरासारखी काळी होतेय, किंवा वयस्क माणसाचं हिमोग्लोबिन कारण नसताना उतरलंय, यांतलं काहीही असेल तर रक्ताच्या चाचणीत आठवडा घालवू नका. सरळ एंडोस्कोपी करा. इथे जैवसूचकाचा निकाल कसाही आला तरी दुर्बीण टळत नाही, मग तो काढायचाच कशाला?

महाराष्ट्रात सरसकट सगळ्यांची ही चाचणी करण्यात अर्थ नाही. आपल्याकडे एच. पायलोरीचा संसर्ग भरपूर आहे, पण त्या मानाने जठराचा कर्करोग कमी आहे. देशातलं सर्वाधिक प्रमाण मिझोराममध्ये नोंदलं जातं, तिथलं गणित वेगळं. आपल्याकडे चाचणीचा खरा उपयोग निवडक लोकांना होतो: आई-वडील किंवा सख्ख्या भावंडांपैकी कोणाला जठराचा कर्करोग झालेला, चाळिशी-पन्नाशी ओलांडलेली, आणि एंडोस्कोपीला तयार होत नसलेली माणसं. किंवा जिथे एंडोस्कोपीची सोय दूर आहे आणि आधी कोणाला पाठवायचं ते ठरवायचंय.

हे आकड्यांत पाहा. संशोधनांच्या एकत्रित विश्लेषणात पेप्सिनोजेनची जठराच्या कर्करोगासाठीची संवेदनशीलता (कर्करोग असलेल्यांपैकी किती पकडले जातात) साधारण ६९ टक्के आणि विशिष्टता (नसलेल्यांपैकी किती निगेटिव्ह येतात) ७३ टक्के निघाली आहे. समजा १०,००० माणसं तपासली आणि त्यांत लपलेले कर्करोग १० आहेत. त्यांतले ७ सापडतील, ३ निसटतील. उरलेल्या ९,९९० निरोगी माणसांपैकी जवळजवळ २,७०० जणांचा रिपोर्ट पॉझिटिव्ह येईल. म्हणजे सुमारे ३८५ पॉझिटिव्ह माणसांमागे एक कर्करोग. तुमच्या हातात पॉझिटिव्ह रिपोर्ट असेल तर झोप उडवून घेण्याआधी हा हिशेब एकदा मांडा. खुद्द जपानच्या २०१४च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनीही ही चाचणी सरसकट लोकसंख्येसाठी सुचवली नाही. मृत्यू कमी होतात याचा पुरेसा पुरावा नाही, हे कारण. एंडोस्कोपी मात्र त्यांनी स्वीकारली.

रक्त घेण्याआधी

बहुतेक चुकीचे रिपोर्ट यंत्रामुळे येत नाहीत. न विचारलेल्या प्रश्नांमुळे येतात. रक्त घेणाऱ्याने पाच गोष्टी विचारून फॉर्मवर लिहायलाच हव्यात.

पहिली, ॲसिडिटीची गोळी. ओमेप्रॅझोल, पॅन्टोप्रॅझोल, राबेप्रॅझोल, इसोमेप्रॅझोल आणि आता व्होनोप्राझान. या गोळ्यांनी आम्ल बंद झालं की दोन्ही पेप्सिनोजेन चढतात, पहिला चांगलाच चढतो. झिजलेल्या जठराचा आकडा मग धडधाकट दिसतो. जपानी नियमानुसार गेल्या दोन महिन्यांत अशी गोळी घेतलेल्या माणसाचा गट पाडत नाहीत. आपल्याकडे अडचण अशी की ‘तुम्ही काही औषधं घेता का?’ असं विचारलं तर माणूस बीपी-शुगरची नावं सांगतो. सकाळची ती ‘गॅसची गोळी’ त्याच्या लेखी औषधच नसते. म्हणून प्रश्न तसाच विचारा: उपाशीपोटी कुठली गोळी घेता? गुडघ्याच्या दुखण्याच्या गोळ्यांच्या पट्टीबरोबर कॅप्सूल दिली होती का? गोळी बंद करायची तर डॉक्टरांना विचारूनच. रक्त पातळ करणारी औषधं चालू असलेल्या किंवा नुकताच अल्सर होऊन गेलेल्या माणसाने चाचणीसाठी ती थांबवणं धोक्याचं आहे. त्याच्यासाठी थेट एंडोस्कोपीचा विचार बरा.

दुसरी, एच. पायलोरीचा कोर्स. दोन प्रतिजैविकं आणि ॲसिडिटीची गोळी असा दहा ते चौदा दिवसांचा कोर्स पूर्वी कधीही झाला असेल तर पुढे दिलेले कट-ऑफ, म्हणजे पॉझिटिव्ह-निगेटिव्ह ठरवणाऱ्या सीमा, लागू होत नाहीत. जंतू गेला की सूज उतरते, दुसरा पेप्सिनोजेन झपाट्याने खाली येतो आणि गुणोत्तर सुधारल्यासारखं दिसतं. झीज मात्र बरीचशी तशीच असते.

तिसरी, मूत्रपिंड. क्रिएटिनिन ३ मिलिग्रॅम किंवा त्यावर असेल तर पेप्सिनोजेन रक्तात साचतं आणि आकडा खोटा वाढतो. चौथी, जठराची शस्त्रक्रिया. जठराचा तुकडा काढलेला असेल तर आकडा कमी येणारच, त्यातून काहीच कळत नाही.

पाचवी, बायोटिन हे जीवनसत्त्व. केसांसाठी घेतल्या जाणाऱ्या गोळ्यांत ते ५ ते १० मिलिग्रॅम असतं. स्ट्रेप्टाव्हिडिन-बायोटिनवर चालणाऱ्या यंत्रांत दोन प्रतिपिंडांच्या मधल्या सँडविचमध्ये ते ढवळाढवळ करतं आणि आकडा खोटा कमी येतो. म्हणजे झीज नसताना झीज दिसते. दोन-तीन दिवस बंद ठेवून रक्त घ्या. लेटेक्स पद्धतीत हा त्रास नसतो.

उपाशी राहणं पेप्सिनोजेनसाठी फार महत्त्वाचं नाही, पण सोबत गॅस्ट्रिन-१७ हे जठराचं संप्रेरक मोजायचं असेल तर रात्रभराचा उपास हवाच. त्यामुळे सगळ्यांनाच उपाशी बोलावणं सोपं पडतं.

लॅबमध्ये

१. साध्या लाल झाकणाच्या किंवा पिवळ्या झाकणाच्या जेल ट्यूबमध्ये ४ ते ५ मिलिलिटर रक्त घ्या. सुई बारीक आणि ओढ जोराची असेल तर लाल पेशी फुटतात.

२. ट्यूब उभी ठेवून खोलीच्या तापमानाला ३० मिनिटं गोठू द्या. घाई केली तर सिरममध्ये फायब्रिनचे धागे राहतात आणि यंत्राची सुई अडते.

३. १,५०० ते २,००० जी वर १० मिनिटं फिरवा. इथे ‘जी’ म्हणजे बल, फेऱ्यांची संख्या नव्हे. तुमच्या रोटरच्या त्रिज्येनुसार फेऱ्या काढून यंत्रावर चिकटवून ठेवा.

४. सिरम दोन वायल्समध्ये विभागा. एक चाचणीसाठी, एक राखीव. त्याच दिवशी करायचं नसेल तर २ ते ८ अंशांवर, लांबवायचं असेल तर उणे २० वर. एकदा वितळवलेलं पुन्हा गोठवू नका. गॅस्ट्रिनची वायल वेगळी ठेवा आणि लगेच गोठवा, ते पेप्सिनोजेनपेक्षा बरंच नाजूक असतं.

५. दोन्ही पेप्सिनोजेन एकाच वायलमधून, एकाच दिवशी, एकाच कंपनीच्या किटवर मोजा. एक आकडा एका लॅबचा आणि दुसरा दुसऱ्या लॅबचा घेऊन केलेलं गुणोत्तर निरर्थक आहे.

शेवटच्या मुद्द्याचं कारण गणितात आहे. गुणोत्तराच्या छेदात दुसरा पेप्सिनोजेन असतो आणि तो लहान असतो. गुणोत्तराची सीमा ३.० आहे (निकष पुढे दिला आहे). पहिला ४० आणि दुसरा १२ असेल तर गुणोत्तर ३.३, म्हणजे निगेटिव्ह. दुसरा १४ मोजला गेला तर २.९, म्हणजे पॉझिटिव्ह. दोन नॅनोग्रॅमने माणसाचा गट बदलला! दोन्ही मोजण्यांत प्रत्येकी ५ टक्के चढउतार धरला, जो चांगल्या लॅबमध्येही असतो, तर गुणोत्तरात तो साधारण ७ टक्के होतो. म्हणजे ३.० हा आकडा प्रत्यक्षात २.६ ते ३.४ यांमधला कुठलाही असू शकतो. म्हणून २.६ ते ३.४ या पट्ट्यात आलेला नमुना राखीव वायलमधून पुन्हा लावावा आणि रिपोर्टवर ‘सीमारेषेवर’ असं स्वच्छ लिहावं.

नियंत्रण नमुने (कंट्रोल, म्हणजे ज्यांचा आकडा आधीच माहीत असतो ते) कट-ऑफच्या जवळचे हवेत. पहिल्या पेप्सिनोजेनसाठी एक ३० च्या आसपास आणि एक ७० च्या आसपास. २०० चा कंट्रोल रोज सुंदर येतोय याने काही सिद्ध होत नाही, कारण निर्णय २०० वर होतच नाही. किटचा लॉट बदलला की २० जुने नमुने नव्या लॉटवर लावून पाहा. एलायझा प्लेट असेल तर नमुने जोडीने लावा, अभिकर्मक अर्धा तास आधी फ्रिजबाहेर काढा, आणि धुण्यात कंजुषी करू नका. धुणं कमी पडलं की सगळे आकडे वर सरकतात, आणि कडेच्या खाचा आधी तापल्या की कडेचे नमुने वेगळे येतात.

आकडे वाचणं

एकक नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर. काही रिपोर्टवर मायक्रोग्रॅम प्रति लिटर असतं, आकडा तोच राहतो. जपानी निकष असा: पहिला पेप्सिनोजेन ७० किंवा कमी आणि गुणोत्तर ३.० किंवा कमी, अशा दोन्ही अटी पूर्ण झाल्या तर पॉझिटिव्ह. पहिला ३० किंवा कमी आणि गुणोत्तर २.० किंवा कमी असेल तर ठळक पॉझिटिव्ह, म्हणजे झीज भरपूर. फिनलंडच्या किटवर पहिल्यासाठी ३० आणि गुणोत्तरासाठी ३ हे आकडे वापरतात. कट-ऑफ किटचा असतो, रोगाचा नव्हे, हे लक्षात ठेवून रिपोर्टवर किटचं नाव छापायलाच हवं.

आता जंतूची प्रतिपिंड चाचणी सोबत ठेवा. दोन्ही निगेटिव्ह असतील तर ए गट. जंतू आहे पण झीज नाही, तो बी. दोन्ही पॉझिटिव्ह, तो सी. झीज आहे पण जंतू नाही, तो डी. डी गट ऐकायला सौम्य वाटतो आणि सगळ्यात धोक्याचा तोच. अस्तर इतकं बदललेलं असतं की जंतूलाही तिथे राहवत नाही, तो निघून जातो आणि प्रतिपिंडं उतरतात. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या, सुमारे ७,००० जपानी लोकांच्या पाहणीत कर्करोगाचं वार्षिक प्रमाण ए गटात ०.०४ टक्के, बी मध्ये ०.०६, सी मध्ये ०.३५ आणि डी मध्ये ०.६० टक्के निघालं. हे आकडे जपानचे आहेत. महाराष्ट्रातल्या माणसाला ते जसेच्या तसे चिकटवू नका, पण चढाचा क्रम उपयोगी आहे.

त्यावर तिथे बसवलेलं एंडोस्कोपीचं वेळापत्रक: बी ला किमान तीन वर्षांतून एकदा, सी ला दोन वर्षांतून, डी ला दरवर्षी. बी आणि सी ला जंतूचा उपचारही.

काही उदाहरणं. पहिला ४२, दुसरा १८, गुणोत्तर २.३, प्रतिपिंड पॉझिटिव्ह: सी गट, सरळ प्रकरण. पहिला ८८, दुसरा ३५, गुणोत्तर २.५, प्रतिपिंड पॉझिटिव्ह: पहिला ७० च्या वर असल्याने नियमाने बी गट, पण दुसरा पेप्सिनोजेन इतका चढलेला म्हणजे अस्तर पेटलेलं आहे. अशा पेटलेल्या जठरात पसरट कर्करोगाचा धोका वाढतो. इथे ‘झीज नाही’ म्हणून तीन वर्षं थांबणं आम्हाला पटत नाही, एंडोस्कोपी आत्ताच करावी. पहिला ९, दुसरा ८, गुणोत्तर १.१, प्रतिपिंड निगेटिव्ह: डी गट, पण इथे दुसरी शक्यता तपासायला हवी, ती म्हणजे शरीराने स्वतःच्याच जठरावर केलेला हल्ला. त्यासाठी पॅरायटल पेशी आणि इन्ट्रिन्सिक फॅक्टर यांची प्रतिपिंडं मागवा. ब१२ कमी असेल तर ‘शाकाहारी आहे, असायचंच’ म्हणून सोडू नका, आणि केवळ ब१२ कमी आहे म्हणून जठर झिजलंय असंही मानू नका. आपल्याकडे शाकाहारामुळे ते कमी असणं इतकं सर्रास आहे की एकट्या ब१२ वरून काहीच ठरत नाही.

सगळ्यात फसवा गट ए. यात दोन प्रकारची माणसं मिसळलेली असतात. एक, ज्यांना कधीच संसर्ग झाला नाही. दुसरी, ज्यांचा जंतू कळत-नकळत गेलेला आहे. दुसऱ्या आजारासाठी घेतलेल्या प्रतिजैविकांनीही तो कधी कधी जातो. अशांचं गुणोत्तर ३ च्या वर सरकलेलं असतं आणि प्रतिपिंडं उतरलेली असतात, पण अस्तराची जखम जुनीच. याच कारणाने जपानमध्ये त्या एलायझा किटचा कट-ऑफ १० युनिटवरून ३ वर आणावा लागला. ३ ते १० च्या मधे अडकलेल्या लोकांत जुना किंवा चालू संसर्ग बराच निघत होता. प्रतिपिंड निगेटिव्ह आहे, पण दुसरा पेप्सिनोजेन १५ च्या वर किंवा गुणोत्तर ४ च्या आत आहे, असं दिसलं की शौचातील अँटिजेन किंवा युरिया श्वास चाचणी करून खात्री करा. या दोन चाचण्यांआधी ॲसिडिटीची गोळी दोन आठवडे आणि प्रतिजैविकं चार आठवडे बंद हवीत, नाहीतर त्याही खोट्या निगेटिव्ह येतात.

बाकीचे जैवसूचक, थोडक्यात

गॅस्ट्रिन-१७ जठराच्या खालच्या टोकाची खबर देतं. मुख्य भाग झिजून आम्ल संपलं की ते वाढतं, खालचं टोक झिजलं की घटतं. पण आम्ल जास्त असेल तरीही ते घटतं आणि ॲसिडिटीच्या गोळीने फुगतं, त्यामुळे एकटं वाचू नये. चीनमध्ये वय, लिंग, गुणोत्तर, गॅस्ट्रिन आणि प्रतिपिंड यांचे ० ते २३ गुण मांडून एंडोस्कोपीचा अग्रक्रम ठरवतात. १७ आणि वर म्हणजे जास्त धोका. त्यात वयाला सर्वाधिक १० गुण आहेत, पुरुष असण्याला ४, गुणोत्तर ३.८९ च्या खाली असण्याला ३. जन्मतारखेसमोर महागडी रक्तचाचणी किती फिकी पडते ते यातून दिसावं.

सीईए, सीए १९-९ आणि सीए ७२-४ हे तिघं ‘कॅन्सर मार्कर प्रोफाइल’ या नावाने विकले जातात. लवकर निदानासाठी ते कामाचे नाहीत. गाठ अस्तरापुरती असते तेव्हा बहुतेकांत ते नॉर्मलच येतात. उलट धूम्रपानाने सीईए चढतं, कावीळ किंवा पित्तनलिकेतल्या खड्याने सीए १९-९ चढतं, आणि संधिवाताच्या गाऊट प्रकारात दिल्या जाणाऱ्या कोल्चिसीनने सीए ७२-४ चढतं. शिवाय काही टक्के लोकांच्या रक्तगटाची घडणच अशी असते की त्यांच्यात सीए १९-९ तयारच होत नाही. निदान झाल्यावर उपचारांचा माग ठेवायला हे मार्कर ठीक. हर-२, क्लॉडिन १८.२ वगैरे गाठीच्या पेशींवरची प्रथिनंही निदानानंतर औषध निवडण्यासाठी आहेत, निरोगी माणसाच्या पॅकेजमध्ये त्यांना जागा नाही.

मायक्रो-आरएनए, म्हणजे पेशींतून रक्तात येणारे आरएनएचे छोटे तुकडे, ही नवी आणि खरोखर आशादायक दिशा. सिंगापूरमध्ये १२ मायक्रो-आरएनएंचा संच ५,००० हून अधिक लोकांत तपासला गेला. संवेदनशीलता ८७ आणि विशिष्टता ६८ टक्के आली. पेप्सिनोजेनपेक्षा जास्त कर्करोग पकडतो, पण खोटे पॉझिटिव्ह इथेही ढिगाने. प्रयोगासाठी कोणी हे काम हाती घेत असेल तर खरा शत्रू आहे फुटलेली लाल पेशी. मायक्रो-आरएनए ४५१ए आणि १६ लाल पेशींत ठासून भरलेले असतात. १६ ला संदर्भ म्हणून वापरलं आणि नमुना किंचित लालसर असला तर अख्खा निकाल तिरका होतो. डोळ्यांवर विसंबू नका. ४१४ नॅनोमीटरवर शोषण मोजा, ०.२ च्या वर असेल तर नमुना बाद. किंवा मायक्रो-आरएनए २३ए आणि ४५१ए यांच्या पीसीआरमधल्या चक्रसंख्येतला फरक काढा: ५ च्या आत ठीक, ७ च्या वर फुटलेला. हेपॅरिनची ट्यूब वापरू नका, ते पीसीआर अडवतं. सिरम आणि प्लाझ्मा एकाच अभ्यासात मिसळू नका. रुग्णांचे नमुने रुग्णालयात आणि निरोगींचे शिबिरात घेतले, असं झालं तर तुमचा संच कर्करोग ओळखणार नाही, शिबिरातून लॅबपर्यंतचा प्रवास ओळखेल.

एकाच रक्तातून अनेक कर्करोग शोधणाऱ्या डीएनए चाचण्यांचीही जाहिरात दिसते. त्यांतल्या सर्वांत मोठ्या अभ्यासांपैकी एकात, २०२१ साली, सगळे कर्करोग मिळून पहिल्या टप्प्यातली संवेदनशीलता १६.८ टक्के होती. लवकर निदान हाच हेतू असेल तर हा आकडा पुरेसा बोलका आहे.

घराण्यात पसरट प्रकारचा जठराचा कर्करोग दोघांना झालाय, किंवा एखाद्याला पन्नाशीच्या आत झालाय, किंवा सोबत स्तनाचा लोब्युलर कर्करोग आहे, तर वरचं सगळं बाजूला ठेवा. इथे सीडीएच१ या जनुकाची चाचणी आणि त्याआधी आनुवंशिकी सल्ला हवा. १९९८ साली न्यूझीलंडमधल्या माओरी कुटुंबांत हा दोष सापडला. यात कर्करोगाच्या पेशी साध्या दिसणाऱ्या अस्तराखाली विखुरलेल्या असतात. पेप्सिनोजेन तर नाहीच, कधी कधी एंडोस्कोपीही त्या चुकवते.

दुर्बीण लावायची ठरल्यावर

सी किंवा डी गटाच्या माणसाची एंडोस्कोपी दोन मिनिटांत उरकलेली असेल तर रक्ताचे पैसेही वाया गेले. आधी सिमेथिकोन आणि एन-ॲसिटिलसिस्टीनचं पाणी प्यायला द्यावं, म्हणजे फेस आणि चिकटा निघून अस्तर स्वच्छ दिसतं. पाहण्याला किमान सात मिनिटं द्यावीत. दिसायला सगळं ठीक असलं तरी पाच ठिकाणचे तुकडे घ्यावेत: खालच्या टोकाच्या दोन्ही कडांवरून एकेक, वळणाच्या कोनातून एक, मुख्य भागाच्या दोन्ही कडांवरून एकेक. खालच्या टोकाचे आणि मुख्य भागाचे तुकडे वेगवेगळ्या बाटल्यांत ठेवा. एकाच बाटलीत टाकले तर पॅथॉलॉजिस्टला झीज कुठे आहे ते सांगता येत नाही, आणि पुढचं वेळापत्रक झीज कुठवर पसरली आहे यावरच ठरतं. युरोपातल्या सूचनांनुसार पसरलेली झीज असेल तर दर तीन वर्षांनी, आणि सोबत घरात कर्करोग असेल तर एक-दोन वर्षांनी पुन्हा पाहतात.

फॉर्मवर पॅथॉलॉजिस्टसाठी पेप्सिनोजेनचे आकडेही लिहा. गुणोत्तर १.५ आहे आणि तुकड्यांत झीज दिसत नाही, असा विसंवाद आला तर बहुधा तुकडे चुकीच्या जागेचे असतात किंवा नमुन्याची अदलाबदल झालेली असते.

जंतूचा उपचार झाल्यावर चार आठवड्यांनी श्वास किंवा शौच चाचणीने तो गेल्याची खात्री करा. प्रतिपिंड चाचणी यासाठी चालत नाही, ती महिनोन्महिने पॉझिटिव्हच राहते. आणि उपचारानंतर पेप्सिनोजेन पुन्हा करून ‘सी चा ए झाला’ असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. असा बदल या पद्धतीत होत नाही. उपचार झालेल्यांसाठी जपानमध्ये ‘ई’ नावाचा वेगळा गटच ठेवला आहे, आणि त्यांची एंडोस्कोपी उपचाराआधीच्या गटाच्या वेळापत्रकाने चालू राहते. म्हणून कोर्स सुरू करण्याआधीचा रिपोर्ट, किटच्या नावासकट, फाइलच्या पहिल्या पानाला टाचून ठेवा. कोर्सनंतर तो आकडा पुन्हा मिळत नाही.